पायवाटेवरचा पहिला पाठ : बिलोली परिसरातील शिवारफेरी

शाळेची सहल म्हटली की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हिवाळ्याचे दिवस, पहाटे शाळेच्या दारात उभी असलेली एस. टी. ची गाडी, डब्यांतील दशम्या आणि वेरूळ, अजिंठा किंवा सहस्रकुंडाचा धबधबा यांपैकी एखादे दूरचे ठिकाण. अशा सहलींचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु वर्षाकाठी एकदा निघणाऱ्या या सहलींतून अंगणवाडीतील आणि पहिली-दुसरीतील मुले बहुधा वगळलीच जातात. त्यांना प्रवास झेपत नाही, खर्च पालकांना झेपत नाही आणि एवढ्या लहान मुलांची जबाबदारी घेण्यास शिक्षक धजावत नाहीत. वस्तुतः परिसराशी ओळख होण्याचे खरे वय हेच होय. या वयातील मुलाला दूर नेण्याची गरजही नसते. शाळेमागून निघणारी, बांधाच्या कडेने ओढ्यापर्यंत जाणारी अर्ध्या किलोमीटरची पायवाट त्याला वर्षभर पुरते. प्रश्न इतकाच आहे की, ती पायवाट आज आपल्या गावात शिल्लक आहे काय, आणि असल्यास तिच्यावर मुलांना नेणारे कोणी आहे काय?

नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पर्यटनाच्या नकाशावर बिलोलीचे नाव ठळक अक्षरांत आढळत नाही. तथापि मूल दिवसाकाठी जेवढे चालू शकते तेवढ्या अंतरात येथे जे पाहावयास मिळते, ते नामवंत स्थळांच्या यादीतील अनेक ठिकाणी मिळणार नाही.

परंपरा आपलीच आहे

मुलांना मोकळ्यावर नेऊन शिकविणे ही कल्पना कोणा परकीयांकडून उसनी आणण्याची आवश्यकता नाही. डेन्मार्क, जर्मनी यांसारख्या देशांत रानात भरणाऱ्या बालवाड्यांचा आज मोठा बोलबाला आहे. परंतु ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे (हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हा विचार त्या कार्यातूनच पुढे आला. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी हे काम वाढविले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी 'कुरणशाळा' हा त्याचा एक भाग. दगड, पाने, बिया, शंख-शिंपले हीच तेथील शैक्षणिक साधने होती. दि. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द गावोगावी पोहोचला. शब्द पोहोचला, परंतु त्यामागील अंगण मात्र अनेक ठिकाणी चार भिंतींच्या आतच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र आणला असून खेळातून व अनुभवातून शिक्षणावर भर दिला आहे. अंगणवाडीताई आणि पहिली-दुसरीचे शिक्षक यांनी मिळून शिवारफेरी काढावी, असा योग त्यामुळे जुळून आला आहे.

दोन मातींचा तालुका

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हा थरांवर थर साचून हा खडक बनला आणि त्याच्या झिजेतून आपली काळी, चिकण जमीन तयार झाली. बिलोली-देगलूर भागात या काळ्या खडकाची पूर्वेकडील कड संपू लागते आणि त्याखालील ग्रॅनाइट व नाइस हे अतिप्राचीन खडक उघडे पडतात. त्यांचे वय दोनशे कोटी वर्षांहूनही अधिक आहे. गुलाबी-करड्या रंगाचे, वाटोळे झिजलेले, एकमेकांवर रचल्यासारखे दिसणारे धोंडे आणि त्यांच्या पायथ्याशी तांबूस, भरड माती हे दृश्य तेलंगणाच्या बाजूस जावे तसे वाढत जाते.

सहा वर्षांच्या मुलाला कोटी वर्षांचा हिशेब सांगण्याचे कारण नाही. त्याच्या हातात दोन मुठी माती द्यावी. काळी माती थोडी भिजवून हातावर वळली की तिची लांब वळी होते. तांबडी भरड माती वळू जाता तुटते. दोन्ही माती वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत पाणी घालून हलवून ठेवाव्यात. थोड्या वेळाने वाळू तळाशी बसते, गाळ त्यावर येतो आणि काळ्या मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते. पावसात कोणत्या शेतातून पाय निघत नाही आणि कोणत्या शेतात पाणी लवकर मुरते, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असतेच. त्याचे कारण त्याला या बरणीत दिसते. पुढे पाचवी-सहावीत खडकांचे प्रकार शिकताना हा अनुभव त्याच्या गाठीशी असतो.

पहिली वाट : शिवाराची

पहिली फेरी शाळेपासून शिवारापर्यंत आणि परत, एवढीच असावी. जाऊन-येऊन एक किलोमीटर पुष्कळ झाले. लहान मूल सरळ चालत नाही. ते थांबते, वाकते, मागे फिरते. मोठ्या माणसाला दहा मिनिटांत संपणारी वाट त्याला तासभर पुरते. हा वेळ वाया गेला असे शिक्षकाने मानू नये. थांबणे हाच या फेरीतील अभ्यास आहे. मात्र प्रत्येक फेरीला एकच काम द्यावे. आज फक्त पाने गोळा करावयाची, तीही खाली पडलेली. पुढच्या वेळी फक्त आवाज ऐकावयाचे. त्यानंतर कधी तरी फक्त मुंग्यांच्या रांगेमागे जावयाचे. एकाच दिवशी सर्व काही दाखविण्याचा हव्यास धरला तर मुलांच्या लक्षात काहीच राहत नाही.

या तालुक्याचे आणखी एक वैशिष्ट्य येथे उपयोगी पडते. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील हा मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आसपासची काही गावे त्या बाजूस गेली, काही या बाजूस आली. परंतु सोयरीक, बाजारहाट आणि बोली यांनी ती सीमा फारशी मानली नाही. अनेक घरांत आजही मराठीबरोबर तेलुगू किंवा उर्दू बोलली जाते. शिक्षक पळसाकडे बोट दाखवून नाव विचारतात, तेव्हा एखादे मूल 'मोदुग' म्हणते. ते चुकले नाही. तेलुगूत पळसाला मोदुगच म्हणतात. कडुलिंब म्हणजे तेलुगूतील वेप, उर्दूतील नीम. वड म्हणजे मर्री, पिंपळ म्हणजे रावी, बाभूळ म्हणजे तुम्म, शिंदी म्हणजे ईत. चिंचेला तेलुगूत चिंत म्हणतात. ही दोन नावे तर सख्खी भावंडेच वाटावीत. घरची भाषा वेगळी असल्याने वर्गात मुकाट बसणारे मूल झाडाखाली बोलू लागते आणि इतर मुलांना एक नवे नाव शिकविते. या तालुक्यातील शिक्षकाला शिवारफेरीपासून होणारा हा लाभ सर्वांत मोठा मानावा लागेल. प्रत्येक झाडाची जेवढी नावे मिळतील तेवढी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.

दुसरी वाट : मांजरेच्या काठाची

मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगांत उगम पावते. महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणा या तीन राज्यांतून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून ती गोदावरीस मिळते. हा संगम बिलोलीपासून फार दूर नाही. तो तेलंगणातील कंदकुर्तीजवळ होतो. प्रथम आग्नेयेस जाणारी ही नदी तेलंगणात मोठे वळण घेते आणि निजामसागर धरणानंतर उत्तरेकडे वाहू लागते. बिलोली तालुक्याच्या पूर्व बाजूने ती जाते, ती सर्वसाधारणपणे दक्षिणेकडून उत्तरेकडे. आपल्या राज्यातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेस किंवा पश्चिमेस वाहतात. म्हणून ही गोष्ट मुलांना दाखविण्यासारखी आहे. सकाळी काठावर उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे आणि पाण्यावरील पान कोणीकडे जाते ते पाहावे. पान उजवीकडून डावीकडे जाते. दिशा शिकविण्यास यापेक्षा चांगला नकाशा नाही. समोरचा काठ तेलंगणाचा आहे, हेही तेथेच सांगता येते.

या नदीच्या वाळूतही पुष्कळ धडे दडलेले आहेत. मूठभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरली की गारगोटीचे पारदर्शक कण, गुलाबी कण, अभ्रकाच्या चमकत्या टिकल्या आणि काळे कण वेगळे दिसू लागतात. जुन्या ध्वनिक्षेपकातील लोहचुंबक त्यावरून फिरविले तर काही काळे कण त्याला चिकटतात. ते लोहयुक्त खनिजाचे असतात. ज्या धोंड्यांची ओळख पहिल्या फेरीत झाली, त्यांच्यासारख्या खडकांचाच हा भुगा आहे, हे मुले स्वतःच सांगतात.

परंतु याच वाळूमुळे या वाटेबाबत अधिक सावध राहावे लागते. मांजरेची वाळू बांधकामासाठी प्रसिद्ध आहे आणि तिच्या उपशामुळे पात्रात जागोजागी खोल खड्डे झाले आहेत. पावसाळ्यात ते पाण्याने भरतात. वरून पाणी गुडघाभर वाटते, तळ मात्र पुरुषभर खाली असतो. काल जेथे उथळ वाळू होती तेथे आज डोह असू शकतो. एका पिढीपूर्वी ज्या पात्रात मुले निर्धास्त खेळत असत, त्या पात्रात आज लहान मुलांना उतरविणे सर्वथा अयोग्य होय. नदी काठावरून, उंच व पक्क्या जागेवरून पाहावी. वाळू पाहावयाची झाल्यास शिक्षकाने अगोदर पिशवीभर आणून ठेवावी. आपल्याच नदीजवळ आपल्या मुलांना जाता येऊ नये, ही स्थिती पंचायत सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी मनास लावून घ्यावी अशी आहे. निदान काठावरील एक सुरक्षित जागा निश्चित करणे आणि धोक्याच्या ठिकाणी फलक लावणे एवढे तर विनाविलंब करता येईल.

तिसरी वाट : गावातील दगडांची

बिलोली शहरातील मुलांना शिवार दूर पडते. त्यांच्यासाठी गावातच एक वाट आहे. नवाब सर्फराजखान यांच्या नावाने ओळखली जाणारी सतराव्या शतकातील दगडी मशीद हे बिलोलीचे भूषण आहे. व्यवस्थापकांची आगाऊ अनुमती घेऊन, पादत्राणे बाहेर ठेवून, प्रार्थनेची वेळ टाळून मुलांना तेथे न्यावे. इतिहासाच्या सनावळ्या या वयात नकोत. हा दगड शिवारातील कोणत्या दगडासारखा दिसतो? दुपारच्या उन्हात तो तापतो की गार राहतो? भेगांत कोण राहते? एवढे प्रश्न पुरेत. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे हा याच अभ्यासाचा पुढचा टप्पा होय; मात्र तो थोड्या मोठ्या मुलांसाठी व वाहनाने जाण्याचा आहे.

ऋतूंप्रमाणे वेळापत्रक

एकाच वाटेवर वर्षातून सहा-सात वेळा जावे, दर वेळी नवी जागा शोधू नये. तीच वाट बदललेली पाहणे यातच ऋतूंचे ज्ञान आहे. शाळा सुरू होते त्या सुमारास, मृगाच्या पहिल्या पावसानंतर, मखमली लाल मृगकिडे ओल्या मातीवर दिसतात. ते चार दिवसांचे पाहुणे असतात. ती संधी दवडू नये. श्रावण-भाद्रपदात विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला किंवा शिंदीला सुगरणीची घरटी लोंबतात. ही घरटी नर विणतो, हे सांगितले की मुली विशेष खूश होतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेपूट हलविणारा धोबी पक्षी उत्तरेकडून येतो व उन्हाळ्यापूर्वी परततो. माघ-फाल्गुनात पळस फुलतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी टिटवी उघड्या माळावर, खड्यांत खडे मिसळून जावेत अशी अंडी घालते. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस मोठा, असा आडाखा वृद्ध शेतकरी सांगतात. तो खरा की खोटा हे शिक्षकाने जाहीर करू नये. अंडी दुरून पाहावीत, जागा नोंदवावी आणि पावसाळा संपल्यावर मुलांनीच ताडून पाहावे.

मार्चच्या मध्यानंतर फेरी सकाळी साडेआठच्या आत संपवावी. येथील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, याचे विस्मरण होऊ नये.

दक्षता

पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. एक पुढे, एक सर्वांत मागे. निघताना व परतल्यावर मोजणी करावी. शाळा व्यवस्थापन समितीस व पालकांस पूर्वसूचना द्यावी. शक्य तर काही माता-पिता व एखादे आजोबा सोबत घ्यावेत. वाट शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावी. कठडा नसलेली विहीर, उघडी वीजवाहिनी, मोकाट कुत्री किंवा नुकतीच औषध फवारणी झालेले शेत असेल तर ती वाट त्या दिवशी सोडावी.

काहीही तोंडात घालावयाचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक असावा. चंद्रज्योतीच्या म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात व त्या खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. धोतरा, गुंज, रुईचा चीक, खाजकुयलीची शेंग आणि घाणेरीची हिरवी फळे ही मोठ्यांनी ओळखून दुरून दाखवावीत.

पायात पूर्ण झाकणारे पादत्राण असावे. गवतात व दगडांच्या फटीत हात घालू देऊ नये. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे किंवा करकचून बांधणे हे सर्व वर्ज्य आहे. मुलाला धीर देऊन, दंश झालेला अवयव हलू न देता तातडीने रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आकाशात वीज कडाडू लागल्यास झाडाचा आश्रय न घेता पक्क्या इमारतीत परतावे.

पंचायतीचे काम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पायवाट शिल्लक आहे काय? गावच्या भूमापन नकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखविलेले असतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, तर गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. कागदावर ही वाट आहे, परंतु जमिनीवर मात्र दर नांगरटीला एकेक तास आत सरकत ती वीतभर उरते, आणि एके वर्षी नाहीशी होते. कोणी तक्रार करीत नाही, कारण कोणी चालत नाही. पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना हाती घेतली. तिचा उद्देश प्रामुख्याने शेतमालाची वाहतूक हा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु शाळेला शिवाराशी, ओढ्याशी व देवराईशी जोडणारी एक वाट प्रत्येक ग्रामपंचायतीने नकाशावरून शोधून, संबंधित शेतकऱ्यांशी सामोपचाराने बोलून मोकळी ठेवली, तर त्यास मोठा निधी लागत नाही. त्या वाटेवर मुले दर महिन्याला चालू लागली की ती पुन्हा बुजणार नाही. मुलांच्या चालण्याइतकी स्वस्त देखभाल दुसरी नाही.

दुसरे काम नोंदीचे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. शाळेतील मुलांनी कोणत्या महिन्यात कोणते झाड फुललेले पाहिले, सुगरणीची घरटी किती मोजली, एखाद्या रोपाला आजी काय म्हणते, हे शिक्षकाने साध्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे आणि वर्षाअखेर समितीसमोर ठेवावे. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी एकत्र पाहिल्या की गावातून काय वाढले आणि काय गेले हे कोणालाही वाचता येईल. मागच्या वर्षी ज्या बाभळीला घरटी होती ती बाभूळ यंदा का नाही, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाने ग्रामसभेत विचारला, तर त्यास उत्तर द्यावेच लागते.

प्रारंभ लहान असावा. येत्या महिन्यात एक शाळा, एक अंगणवाडी, एक वाट आणि एक तास, एवढेच ठरवावे. प्रवासभाडे नाही, प्रवेशशुल्क नाही, साहित्याची मागणी नाही. हवा आहे तो थोडा वेळ, थोडा धीर आणि मूल थांबेल तेथे आपणही थांबण्याची तयारी. ज्या मुलाने मांजरेचे पाणी कोणत्या दिशेस जाते हे स्वतः पाहिले आहे आणि शाळेमागच्या पळसाला तीन नावांनी हाक मारली आहे, ते मूल मोठे झाल्यावर त्या नदीची आणि त्या पळसाची काळजी घेण्याची शक्यता अधिक. तालुक्याचा उद्याचा कारभार याच मुलांच्या हाती जावयाचा आहे.